एकाच बावट्याच्या दोन बोटी

स्वतःची बोट असलेल्या माणसाला स्वतःबद्दल काय वाटते हे जाणून घ्यायचे असेल, तर त्याने बावट्यासाठी रंगवून आणलेला कागद पाहावा. माझी थोरली बहीण गेली एकेचाळीस वर्षे असे कागद पाहत आली आहे. माणसांबद्दल तिचे मत इतके वाईट का, याचे दुसरे कारण शोधण्याची मला कधी गरज वाटली नाही.

आम्ही तिला अक्का म्हणतो; ती बोटींचे बावटे शिवते. धक्क्याच्या रस्त्यावर दोरखंडांचे एक दुकान आहे, त्याच्या वरच्या मजल्यावर तिची खोली. खोलीत एक लांब टेबल, एक पायमशीन, भिंतीला लावून ठेवलेली कापडाची ठाणे आणि एक मोठी उघडी खिडकी. खिडकीला पडदा नाही, कारण शिवताना कापड उजेडाला धरावे लागते. गिऱ्हाइकासाठी खुर्ची नाही, कारण अक्काच्या मते गिऱ्हाईक बसले की बोलायला लागते.

आमच्या बोटक्लबाचा नियम असा की प्रत्येक बोटीच्या डोलकाठीवर मालकाचा स्वतःचा बावटा हवा. बोटी खोल पाण्यात नांगरून उभ्या असतात. धक्क्यावरून तिथपर्यंत माणसे पोहोचवणारे होडीवाले बोटीचे नाव वाचत बसत नाहीत, बावटा पाहून होडी नेतात. म्हणजे बावटा हा बोटीच्या दारावरचा नंबर. पण असे सरळ सांगितले तर मालकांना राग येतो. त्यांना नंबर नको असतो, त्यांना गरुड हवा असतो. एका फर्निचरवाल्याने तोफ मागितली होती. त्याच्या बोटीत चार माणसे दाटीवाटीने बसतात, आणि वारा जरा वाढला की तो स्वतः सगळ्यांत आधी ओकतो.

तर दीड वर्षापूर्वी एक दातांचे डॉक्टर असाच कागद घेऊन आले. मी त्या दिवशी अक्काच्या खिडकीची बिजागरी बसवत होतो, म्हणून सगळे ऐकले.

"हा दात का?" अक्काने विचारले.

"दाढ," डॉक्टर म्हणाले. "तीन पिढ्या आमच्याकडे हाच व्यवसाय आहे."

"आणि हे दोन मासे?"

"डॉल्फिन आहेत ते."

"दाढ खायला निघालेत?"

"नाही हो, सलामी देतायत."

अक्काने कागद खिडकीपाशी नेला, हात लांब केला, डोळे बारीक केले. "डॉक्टर, धक्क्यावरून हे काय दिसेल सांगू? फ्लॉवरचा गड्डा आणि त्यावर दोन अळ्या."

डॉक्टर हसले. त्यांना वाटले ही गंमत आहे. अक्काला न ओळखणाऱ्यांना पहिल्यांदा तसेच वाटते.

"आणि खाली हे काय लिहिलंय?"

"आमचं ब्रीद. 'हसत राहा'."

"बावट्याला दोन बाजू असतात. एका बाजूनं हसत राहा, दुसऱ्या बाजूनं अक्षरं उलटी. लोकांनी काय आरसा घेऊन पोहत यायचं?"

"मग तुम्ही काय सुचवता?"

"तुम्ही घरी जा. पंधरा दिवसांनी या. तेव्हा जे दिसेल ते घ्या, नाहीतर छापणाऱ्याकडे जा. तो काय, दाढच काय, अख्खी कवळी छापून देईल."

डॉक्टर गेले नाहीत छापणाऱ्याकडे. तेही गंमतच आहे. हिच्याकडे अपमान करून घेतला नसेल तर क्लबात ती बोट खरी धरत नाहीत.

अक्का या कामात आली ती दाजींमुळे. दाजी शिडे शिवत आणि बोलत नसत. दोन्ही गोष्टी त्यांना उत्तम जमत. एकदा शिडाच्या उरलेल्या जाड कापडाचा त्यांनी कुणाला बावटा करून दिला. तो दोन दिवसांत काठीला गुंडाळी होऊन बसला. अक्काने तो उतरवून आणायला लावला, उसवला, पातळ कापडाचा पुन्हा केला आणि दाजींना सांगितले की यापुढे तुम्ही मोठी कापडं बघा, लहान मी बघते. दाजींनी मान हलवली. संसारातले बहुतेक निर्णय असेच झाले. चौदा वर्षांपूर्वी ते गेले, त्या आठवड्यातही तिने दोन बावटे पुरे केले. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तिने कापडाचे एक टोक धरून उभे केले. आमच्या एका चुलत्याने या गोष्टीचा फार बोभाटा केला. अक्का म्हणाली, "नुसता बसून उसासे टाकत होता. म्हटलं, उपयोगी तरी पड."

तिची पद्धत अशी. मूळ कापडावर दुसऱ्या रंगाचे कापड ठेवून कडेने शिवायचे, मग उलटे करून शिवणीच्या आतले मूळ कापड कात्रीने कापून काढायचे. म्हणजे दोन्ही बाजूंनी तोच रंग, तेच चित्र. कात्री एक सूत सरकली की सगळे कापड वाया. काठीकडच्या कडेला जाड पट्टी आणि दोरी. वाऱ्याकडच्या सुट्या कडेला चार ओळी शिवण, कारण वारा खायला सुरुवात करतो ती तिथूनच. सगळे झाले की दोरखंडवाला गच्चीवरच्या बांबूला बावटा चढवतो, आणि अक्का जिना उतरून, रस्ता ओलांडून, धक्क्याच्या टोकापर्यंत चालत जाते. तिथून वळून पाहते. पटले नाही तर परत येऊन उसवते. सत्तरी जवळ आली, गुडघे कुरकुरतात, पण हे चालणे तिने कुणावर सोपवलेले नाही. मी एकदा म्हणालो, मी बघून येतो. तर म्हणाली, "तुला घरात समोरचा डबा दिसत नाही."

गिऱ्हाइकाला ती एकच वचन देते, तेही गुर्मीत: माझा बावटा दुसऱ्या डोलकाठीवर दिसणार नाही. बाकी कशाची हमी नाही. वेळेची नाही, गोड बोलण्याची तर नाहीच.

हे वचन पाळायला तिच्यापाशी एक व्यवस्था होती. प्रत्येक बावट्याचा तळहाताएवढा नमुना ती त्याच कापडात करून ठेवी आणि जमिनीच्या, म्हणजे मूळ कापडाच्या, रंगाप्रमाणे दोऱ्यांत ओवी. पिवळ्या जमिनीचे सगळे एका दोऱ्यात, निळ्यांचे दुसऱ्यात. नवा बावटा मनात आला की त्या रंगाचा दोरा फरशीवर पसरायचा आणि वरून पाहायचे. तीनशेच्या वर नमुने, खिळ्यांना लटकलेले, धूळ खात. मला ते बघवत नसे. पाच वर्षांपूर्वी ती मुलीकडे महिनाभर गेली असताना मी ते सगळे दोरे सोडवले आणि नमुने वह्यांत चिकटवले. मालकाच्या आडनावाने, अकारविल्हे, तारखेसकट. दोन वह्या केल्या. एक चालू बोटींची, आणि ज्या बोटी मोडीत निघाल्या किंवा शेडमध्ये पडून होत्या त्यांची दुसरी. दुसरीवर "बंद" अशी चिठ्ठी लावली आणि ती माझ्या घरी कपाटावर ठेवली, उगाच टेबलावर अडचण नको म्हणून.

परत आल्यावर अक्काने रिकामे खिळे पाहिले. मग वही उघडली. मग मला म्हणाली, "बोट बंद पडते रे शहाण्या. बावटा कसा बंद पडेल?" तीन आठवडे ती माझ्याशी बोलली नाही. मला वाटले, सवयीचा प्रश्न आहे.

डॉक्टरांच्या बावट्यासाठी स्वतः काढलेला कागद तिने माझ्यापुढे सरकवला तेव्हा मी वही घेऊनच बसलो होतो. पिवळी जमीन, काठीकडच्या वरच्या कोपऱ्यातून खाली गेलेली काळी तिरपी पट्टी, आणि पट्टीच्या वर मोकळ्या जागेत एक लाल चौकोन. "बघ रे, आधी कुणाला दिलाय का. मला डोक्यात कुठंतरी वाटतंय, पण वही तुझी आहे, तूच बघ." मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पाहिले. नीट पाहिले. नाही म्हणालो.

डॉक्टरांना बावटा आधी साधा वाटला. मग क्लबातल्या कुणीतरी त्यांना सांगितले की साधेपणाला अभिरुची लागते, आणि त्या दिवसापासून त्यांना अभिरुची झाली. त्यांनी तो बावटा कपांवर छापून घेतला, टॉवेलांवर भरून घेतला, दवाखान्याच्या दारावर लावला. ज्या माणसाला कापडाची उलटी बाजू असते हे ठाऊक नव्हते, तो आता भेटेल त्याला तिरप्या पट्टीचा अर्थ सांगू लागला. पट्टी म्हणजे म्हणे संघर्ष. अक्काला विचारले तर म्हणाली, "पट्टी म्हणजे पट्टी. लांबून दिसते म्हणून घातली."

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी सकाळी डॉक्टरांकडे बोटीवर पाहुणे होते. सासूबाईंना मागाहून यायचे होते. होडीवाल्याने विचारले, कुठली बोट? त्या म्हणाल्या, पिवळा बावटा, काळी पट्टी, लाल चौकोन. होडीवाल्याने त्यांना पिवळा बावटा, काळी पट्टी, लाल चौकोन असलेल्या बोटीवर सुखरूप चढवले आणि तो निघून गेला.

ती बोट डॉक्टरांची नव्हती. ती बर्फवाल्यांची होती. बर्फवाले म्हणजे धक्क्यावर ज्यांचा बर्फाचा कारखाना होता ते. त्यांना जाऊन एकोणीस वर्षे झाली, आणि तेवढीच वर्षे बोट कारखान्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली होती. त्यांची मुलगी शाळेत गणित शिकवते. नोकरीतून मोकळी व्हायच्या बेताला तिला बोट आठवली. तिने ती दुरुस्त केली, रंगवली आणि आदल्या दिवशी पाण्यात सोडली. बापाचा बावटा पेटीत होता, तो चढवला. सासूबाई जावयाला हाका मारत आत शिरल्या, तेव्हा ती इंजिनाखाली पालथी पडून नट आवळत होती.

दुपारपर्यंत ही गोष्ट सगळ्या धक्क्याला पाठ झाली. होडीवाले तर सासूबाईंचा आवाज काढून दाखवत होते.

दोरखंडवाल्याने वर येऊन अक्काला सांगितले. ती जिना उतरली. धक्क्याच्या टोकापर्यंत चालत गेली, आणि तिथून तिने दोन बोटी पाहिल्या. मी मागोमाग पोहोचलो.

"दुसरी वही कुठाय?" तिने विचारले.

"कपाटावर."

"तेव्हा पाहिलीस?"

"ती बंद बोटींची होती, अक्का."

ती माझ्याकडे वळली. चार शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते. "एकेचाळीस वर्षं," ती म्हणाली, "एकच गोष्ट सांगत आले लोकांना. एकच. आणि ती तू आडनावाप्रमाणे लावलीस."

आता मार्ग दोन होते. एक सोपा होता. बर्फवाल्यांची मुलगी स्वतःच संध्याकाळी वर आली, हाताला ग्रीस तसेच.

"काकू, कशाला एवढं मनाला लावून घेता? मला दुसरा शिवून द्या. बाबा असते तर हसले असते."

"तुझा बावटा आधीचा आहे."

"असू दे की. मला काही फरक पडत नाही."

"तुला पडत नसेल. तू मऊ आहेस म्हणून तुझ्याकडून काढून घेऊ होय? उद्या सगळेच म्हणतील, जो भांडत नाही त्याचं घ्या." मग जरा खालच्या आवाजात, "आणि ग्रीसचा हात लावू नकोस त्याला. पिवळ्यावरून जात नाही."

दुसरा मार्ग म्हणजे डॉक्टर. अक्काने आयुष्यात कुणाकडे काही मागितलेले मला आठवत नाही. मागणे तिला येतही नाही. हुकूम दिल्यासारखे ऐकू येते. मंगळवारी आम्ही दवाखान्यात गेलो. दारावर पिवळी पाटी, काळी पट्टी, लाल चौकोन. खुर्चीत एक गृहस्थ तोंड उघडे ठेवून पडले होते. डॉक्टरांनी त्यांना तसेच ठेवून आमच्याशी बोलणे केले.

"तुमचा बावटा परत द्या," अक्का म्हणाली. "दुसरा करून देते."

"मी का देऊ? चूक तुमची."

"चूक माझीच. म्हणून तर आले."

"त्या बाईंना सांगा ना बदलायला. त्यांची बोट जुनी, माझी नवी. आणि माझे कप आहेत, टॉवेल आहेत. सासूबाईंची काय शोभा झाली, ती वेगळीच!"

खुर्चीतले गृहस्थ काहीतरी म्हणाले. घशातून आवाज आला फक्त. मला तो अक्काच्या बाजूने वाटला.

"कपात चहा प्या," अक्का म्हणाली. "बावटा तेवढा द्या."

डॉक्टरांनी हातमोजे काढले. विचार करत असल्यासारखे खिडकीबाहेर पाहिले. मोठेपणा दाखवण्याची संधी अशी चालून आली की लहान माणसे तिचे काय करतात, ते मी नोकरीत पुष्कळदा पाहिले आहे. ते म्हणाले, "ठीक आहे. पण लोक मला हसतायत. त्यांना कळायला हवं की मी कुणाची नक्कल केली नाही. तुम्ही तसं लिहून द्या. तुमच्या सहीनं. क्लबाच्या फळ्यावर लागेल, महिनाभर. मग बावटा तुमचा."

क्लबाचा फळा जिन्यापाशी आहे; येणारा-जाणारा प्रत्येक बोटमालक तिथे थांबतो. गेली एकेचाळीस वर्षे तिने ज्यांना फ्लॉवर आणि अळ्या ऐकवल्या, ते सगळे ते वाचणार होते. तोफवालासुद्धा.

"महिना?" ती म्हणाली.

"महिना."

"बरं."

घरी येऊन मी मसुदा केला. वाईट नव्हता. "नोंदवहीतील वर्गीकरणात अनवधानाने राहिलेल्या त्रुटीमुळे" अशी सुरुवात होती, आणि खाली मी माझी सही करणार होतो. वही माझी, त्रुटी माझी, फळ्यावर नाव माझे लागले तर त्यात अन्याय काही नव्हता.

अक्काने तो वाचला. "यात चूक कुठाय? मला तर दिसतच नाही."

"अशीच पद्धत असते लिहायची."

"तुमच्या हापिसात. आणि तुझी सही कशाला? बावटा काय तू शिवलास? तुला सुईत दोरा ओवता येत नाही. मला डोक्यात वाटत होतं, तरी मी वहीवर भरवसा ठेवला. ते माझं."

तिने स्वतः लिहिले. अक्षर मोठे, ओळी तिरक्या. "डॉक्टरांना दिलेला पिवळा बावटा मी तेवीस वर्षांपूर्वी बर्फवाल्यांना दिला होता. डॉक्टरांना हे माहीत नव्हते. मला माहीत असायला हवे होते. एक बावटा एकाच बोटीला देईन असे मी सगळ्यांना सांगत आले. या वेळी तसे झाले नाही." खाली सही.

फळ्यावर चार पिना मारून कागद लागला, आणि डॉक्टरांनी बावटा दिला. क्लबाच्या पायरीवर बसून अक्काने तो तिथेच उसवायला घेतला. पिवळे वेगळे, काळे वेगळे, लाल वेगळे.

पुढचे तीन आठवडे लोक आपापल्या लायकीप्रमाणे वागले. तोफवाल्याने कागदाचा फोटो काढून सगळ्यांना पाठवला. दोघे-तिघे स्वतःचे बावटे घेऊन वर आले: आमचा तरी आमचाच आहे ना? अक्काने दोन्ही वह्या फरशीवर उघड्या पसरून त्यांना एकेक पान दाखवले, आणि ते पाहत उभे राहिले, जसे काही हातगाडीवरची भाजी निवडून घेत आहेत. नवे काम दोन महिने आले नाही. छापणाऱ्याकडे तीन गेले. एकाच्या बावट्यावरचा गरुड पहिल्याच आठवड्यात उन्हाने उडाला आणि उरला तो कोंबडीसारखा दिसू लागला. अक्का त्यावर एक शब्द बोलली नाही, आणि हे मला सगळ्यांत जास्त खटकले.

डॉक्टरांची डोलकाठी तोवर रिकामी होती. ते एकदा जिन्यात अर्ध्यापर्यंत आले आणि खालूनच म्हणाले, "आता तो कागद काढला तरी चालेल मला. लोक मलाच बोलायला लागलेत. म्हणतात, म्हाताऱ्या बाईला फळ्यावर टांगलंय."

"महिना म्हणाला होतात," अक्काने वरून सांगितले आणि मशीन चालू केले.

बाविसाव्या दिवशी आम्ही दोघे क्लबासमोरून चाललो होतो. अक्का रोज एकदा आत जाऊन फळा बघून येत असे, त्या दिवशीही गेली. कागद नव्हता. चार पिना तेवढ्या होत्या, ओळीत टोचलेल्या.

क्लबाचा शिपाई खुर्चीतून उठला. भला माणूस, कधीचा ओळखीचा. "मीच काढला, अक्का," तो म्हणाला. "कुणी काही म्हणत नाही. सगळ्यांनी वाचून झालाय. कशाला उगाच तुमचं नाव तिथं?"

"कुठाय?"

"टेबलात ठेवलाय नीट. घेऊन जा घरी."

"काढ."

त्याने खण उघडून कागद दिला. अक्काने तो गुडघ्यावर ठेवून हाताने सपाट केला, फळ्यापाशी गेली आणि पिना एकेक उपटून पुन्हा चारही कोपऱ्यांना मारल्या. एक कोपरा जरा तिरका बसला होता. तिने तो काढून परत मारला.

"अजून आठ दिवस आहेत," ती शिपायाला म्हणाली. "आणि मधे हात लावलास, तर पहिल्यापासून मोजेन."